मदत हवी आहे: भाऊ आईला किडनी देतोय, आधी जेनेटिक टेस्ट कुठं करावी?

नमस्कार मंडळी, आम्ही सोलापूरचे. आईला पॉलिसिस्टिक किडनी (किडनीत पाण्याच्या गाठी होणारा आनुवंशिक आजार) आहे, आजोबांनाही तेच होतं, आता आईचं डायलिसिस सुरू झालंय आणि धाकटा भाऊ म्हणतोय मी किडनी देतो. त्याची सोनोग्राफी क्लिअर आलीय पण वय २५च आहे, अन् तिशीच्या आत पाण्याच्या गाठी दिसल्या नाहीत म्हणजे आजार नाहीच असं पक्कं धरता येत नाही, खास करून पीकेडी२ जीनमध्ये (हा आजार बहुतेक वेळा पीकेडी१ नाहीतर पीकेडी२ या जीनमुळं होतो) बिघाड असेल तर, तो प्रकार उशिरा दिसतो. प्रत्येक मुलाला हा बिघाड यायची शक्यता ५० टक्के, म्हणजे मलाही आहेच. डॉक्टर म्हणाले आधी आईची टेस्ट करा, नेमका बदल सापडला की भावाच्यात तेवढाच बघायचा. पण पीकेडी१ सारखे दिसणारे ६ खोटे जीन (खऱ्या जीनच्या बिनकामाच्या नकला) त्याच १६ नंबरच्या क्रोमोसोमवर आहेत, त्यामुळं साध्या टेस्टमध्ये गडबड होऊ शकते.

तर सोलापुरात सॅम्पल देऊन ही टेस्ट नीट होते का पुण्यालाच जावं लागतं? खर्च किती, रिपोर्टला वेळ किती? आई तर नकोच म्हणतेय, पोराला काय झालं तर म्हणून रडते. ज्यांच्या घरात असं झालंय त्यांनी प्लीज सांगा, काढे सुचवू नका.