मदत हवी आहे: फोटोची साइज कमी केली की पैठणीचा पदर खराब दिसतो

नमस्कार मंडळी,
माझी आई पैठणला हातमागावर पैठण्या विणते. गिऱ्हाइकं आता मोबाइलवर बघूनच साडी ठरवतात, म्हणून मी छोटी वेबसाइट केली आहे. एकेक फोटो ४०००×३००० पिक्सेलचा, पाच-सहा एमबीचा, आणि एका साडीचे सहा फोटो. रेंज कमी असली की पान उघडता उघडत नाही.

जेपीजीची क्वालिटी ४० वर आणली. फाइल लहान झाली, पण पदराची पार दैना. मोराच्या पिसाऱ्याभोवती जरीवर बारीक चौकोन उमटले आणि लाल मुनियांच्या (विणलेल्या छोट्या पक्ष्यांच्या) कडा सोनेरीत पसरल्या. ७० वर चौकोन गेले, लाल मात्र तसाच. पीएनजी केली तर फाइल मूळ फोटोपेक्षाही मोठी!

आई एकेक मुनिया धागे मोजून भरते. गिऱ्हाईक नेमकं तेच फोटो मोठा करून बघतं. तिथे रंग पसरलेला दिसला की त्याला साडी यंत्रमागाची वाटते. काय करू?

प्रतिसाद:
ताई, आधी माप कमी करा, क्वालिटीचं नंतर बघू. रुंदी १६०० केली की १२० लाख पिक्सेलचे १९ लाखच उरतात. मोबाइलवर फरक कळत नाही. मग क्वालिटी ८५ ठेवा. चौकोन येतात, कारण जेपीजी फोटोचे ८×८ पिक्सेलचे तुकडे पाडून दाबतं. लाल पसरतो त्याचं कारण वेगळं आहे. उजेड-सावली पूर्ण ठेवून रंगाची माहिती आडवी-उभी निम्मी केली जाते. गिंप या फोटो एडिट करायच्या सॉफ्टवेअरमध्ये एक्स्पोर्ट करताना सबसॅम्पलिंग (म्हणजे ही रंगाची काटछाट) ४:४:४ निवडा, म्हणजे रंग पूर्ण राहतो. फाइल थोडी वाढेल, वाढू द्या. पदरासाठी वेबपी हा फाइलचा प्रकार नको, त्याच्या लॉसी (माहिती गाळून फाइल लहान करणाऱ्या) प्रकारात ४:२:० च, म्हणजे रंग आडवा-उभा निम्माच असतो. पदराचा जवळून एक वेगळा फोटो काढा. आणि दर वेळी मूळ फोटोवरूनच करा, दाबलेला परत दाबू नका.

धागाकर्ती:
दादा, जमलं! पदराचा फोटो साडेसहाशे केबीत बसला, मुनियाची चोचसुद्धा स्वच्छ दिसते. जुन्या साड्यांचे फोटो भावाने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले होते, ते तिथेच दाबले गेले होते हे आत्ता कळलं. आता डॉक्युमेंट म्हणून परत मागवलेत.