'टेन्बीला फ्लॅट घ्या' म्हणे! आणि तिथे राहायचं कोणी?

रात्रपाळी:
गेल्या आठवड्यात या फोरमवर एकांनी सल्ला दिला होता: वेल्समधल्या टेन्बी या समुद्रकाठच्या गावाच्या आसपास फ्लॅट घ्या, हॉलिडे लेटला लावा, म्हणजे सुट्टीवर येणाऱ्यांना थोड्या थोड्या दिवसांसाठी भाड्याने द्या, कर्जाचा हप्ता आपोआप फिटतो. खाली 'भारी आयडिया', 'व्यनि करा' यांची रांग. आधी सोडून दिलं, पण डोक्यातून जाईना.

मी इथे नर्स आहे. टेन्बीशेजारच्या सॉन्डर्सफूटला भाड्याने राहायचो आम्ही. मालकाने कायद्याप्रमाणे सहा महिन्यांची नोटीस दिली, अगदी गोड बोलून. आता त्या दाराशेजारी आकडे फिरवून उघडायची किल्लीची डबी आहे आणि खिडकीत लाकडी सीगल. आम्हाला घर मिळालं ते थेट पेम्ब्रोक डॉकला. टेन्बी देखणं आहे, वादच नाही. तेराव्या शतकातला तट, बंदरावरची रंगीत घरं, समोर कॅल्डीचं बेट. पण नोव्हेंबरात संध्याकाळी तटाच्या आत एक चक्कर मारा आणि किती खिडक्यांत दिवा दिसतो ते सांगा.

पौंडोबा:
तो सल्ला माझाच. आमच्याकडे पैशांचं झाड लागलंय असा सूर आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

एप्रिल २०२३ मध्ये वेल्समध्ये नियम आला: हॉलिडे लेट व्यवसाय म्हणून धरायचं तर घर वर्षाला २५२ दिवस उपलब्ध ठेवायचं आणि १८२ दिवस ते प्रत्यक्ष भाड्याने जायला हवं. आधी हेच १४० आणि ७० होतं. १८२ म्हणजे २६ आठवडे! ईस्टरपासून ऑक्टोबरच्या सुट्टीपर्यंत जेमतेम दोनचार आठवडे रिकामे गेलेले चालतात. आकडा हुकला की घर व्यवसायातून बाहेर, राहत्या घरांचा कौन्सिल टॅक्स लागू आणि वर सेकंड होमचा प्रीमियम, म्हणजे दुसऱ्या घरावरचा जादा कर. टेन्बी ज्यात येतं त्या पेम्ब्रोकशायर कौन्सिलने तो २०२४ मध्ये २०० टक्के केला, २०२५ मध्ये १५० वर आणला. म्हणजे तेव्हाही शेजाऱ्याच्या अडीचपट. कचरा मात्र त्याच्याइतकाच उचलतात. हॉलिडे लेटची करसवलतही एप्रिल २०२५ पासून गेली.

कार्डिफकर:
मग विका की. कोणी धरून ठेवलंय? नियमाचा हेतूच तो आहे: धंदा म्हणता तर धंद्यासारखा करा, नाहीतर राहणाऱ्याला द्या. उत्तर वेल्समधली ग्विनेद कौन्सिल तर पुढे गेली, तिथे सप्टेंबर २०२४ मध्ये राहतं घर हॉलिडे लेट करायला आधी प्लॅनिंगची परवानगी घ्यायचा नियम आणला.

पौंडोबा:
विका म्हणणं सोपं आहे. घेणारा कोण, लंडनचं निवृत्त जोडपंच ना? रात्रपाळीताईंना परवडणार आहे का?

खवचट काका:
मूळ प्रश्न भाषेचा आहे. बाहेरचे घरं घेतात, गावातली मुलं बाहेर पडतात, शाळेतून वेल्श जाते. १९७९ पासून काही वर्षं वेल्श राष्ट्रवाद्यांनी बाहेरच्यांची सेकंड होम उगाच जाळली नाहीत.

कार्डिफकर:
काका, टेन्बीत वेल्श शोधताय? इंग्लंडचा राजा हेन्री पहिला याने बाराव्या शतकात तिथे फ्लेमिश लोक वसवले, त्या पट्ट्याला शतकानुशतकं 'लिटल इंग्लंड बियाँड वेल्स' म्हणतात. भाषेचा मुद्दा ग्विनेदमध्ये लावा, इथे नका. आणि जाळपोळीचं कौतुक तर कुठेच नको.

खवचट काका:
कौतुक कोणी केलं? पहिल्या रात्री जळलेल्यात पेम्ब्रोकशायरचीही घरं होती, एवढी आठवण करून दिली. पण दक्षिण भागाबद्दलचं मान्य. तुम्ही जिंकलात, घ्या टाळ्या.

सुरमई:
कर नि भाषा तुम्ही बघा. मला घरमालक या जमातीशी जुना हिशोब चुकता करायचाय.

टेन्बीच्या बंदरातून मॅकरेल पकडायला बोटी जातात. मुलांनी गळाने आपले बांगडेच पकडले म्हणा ना. कॉटेजवर येऊन आगळ, तिखट, हळद लावली, रव्यात घोळवून तव्यावर टाकले. पहिली बाजू होते न होते तोच स्मोक अलार्म. एक्झॉस्ट चालू, खिडक्या उघड्या, हे टॉवेल फडफडवतायत. घरी परतल्यावर ईमेल: 'करीच्या वासामुळे विशेष सफाई', डिपॉझिटमधून कापले. करी?! तळलेला मासा होता! तेलकट फिश अँड चिप्स त्याच खोलीत खाल्ले असते तर कापले असते का?

पौंडोबा:
ताई, शनिवारी सकाळी दहाला तुम्ही बाहेर, दुपारी चारला पुढचे आत. पडदे, सोफा, गाद्यांत बसलेला वास सहा तासांत जातो का? जाहिरातीत 'बार्बेक्यू उपलब्ध' लिहिलेलं असतं ते कशाला?

सुरमई:
पावसात छत्री धरून तळू? वेल्समध्ये आला आहात का कधी, की नुसते पैसेच येतात?

अनुपुणे:
मी सुरमईंच्या बाजूने. आमच्यावर पोह्यांच्या फोडणीने अलार्म झाला होता. मोहरी!

खवचट काका:
एक्झॉस्ट नावाला असतो. हवा फिल्टरमधून फिरून पुन्हा तुमच्याच तोंडावर. बाहेर पाइप काढला असता तर हा प्रश्नच नव्हता.

पौंडोबा:
जुन्या दगडी घराच्या दोन फूट भिंतीला भोक पाडून दाखवा, मग बोलू. सगळं टेन्बी नॅशनल पार्कात येतं, वारसा-इमारत असेल तर त्याची परवानगी वेगळीच.

अनुपुणे:
म्हणजे परवानग्यांचा त्रास तुम्हाला, बिल आम्हाला. छान.

रात्रपाळी:
बांगड्यांवरून एवढं रण पेटलंय, पण दहा ते चारमध्ये ते घर आवरतं कोण, हे एकानेही विचारलं नाही. माझ्या शेजारची बाई आवरते. पेम्ब्रोक डॉकहून ट्रेनने येते, एका शनिवारी तीन-तीन घरं. ज्या गावात गाद्यांच्या चादरी बदलते तिथे तिला भाड्याने खोली मिळत नाही. पौंडोबा, तुमचं घर आवरणारी कुठून येते?

पौंडोबा:
एजन्सी बघते. मला माहीत नाही.

सुरमई:
वाटलंच.

पौंडोबा:
टोमणे पुरे. मी काही दगड नाही. नोव्हेंबर ते मार्च घर तसंही फारसं जात नाही, त्यातले तीन महिने ते कमी भाड्यात एखाद्या नर्सला द्यायला माझी तयारी आहे. आता तरी समाधान?

रात्रपाळी:
विंटर लेट! ते इथे चांगलं ओळखीचं आहे. थंडीत राहा, गारठलेल्या घरात बिलं भरा, ईस्टर आला की बॅगा उचला. लहान मुलाची शाळा काय तीन महिन्यांची असते? बारा महिन्यांचा करार करणार असाल तर आकडा सांगा, मी वॉर्डातल्या नोटीसबोर्डावर आजच लावते.

पौंडोबा:
बारा महिने केलं तर हप्ता निघत नाही. बायकोशी बोलून कळवतो.