उजाडायच्या आत डोंगरावर : तुमचे अनुभव सांगा

परवाच्या रविवारी आम्ही पाचजणी सिंहगडावर गेलो. एकाच वर्गातल्या, आता सगळ्याच चाळिशी ओलांडलेल्या. पहाटे चारला कर्वे पुतळ्यापाशी भेटायचं होतं आणि चारला पाचही जणी हजर होत्या, हेच मला केवढं तरी वाटलं. पावणेपाचला अतकरवाडीत गाडी लावली, बॅटऱ्या काढल्या आणि पायवाटेला लागलो.

वर देवटाक्याचं पाणी प्यायचं, मग कड्यावर बसून सूर्य बघायचा असा बेत होता. अर्ध्या वाटेत एकीचा गुडघा दुखायला लागला. दहा पावलं चालायचं, थांबायचं, पुन्हा दहा पावलं. पूर्वेला तांबडं फुटलं तेव्हा पुणे दरवाजा अजून बराच वर होता. मग आम्ही नाद सोडला आणि वाटेच्या कडेला उतारावरच्या गवतात बसलो.

तिथून सूर्य दिसत नव्हता. पण वर बघितलं तर टीव्हीच्या टॉवरचं टोक उजळलेलं. मग टॉवरचा खालचा भाग, मग कड्याची कड, मग तटाखालचं गवत. ऊन डोंगरावरून खाली उतरतं हे मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. डोळ्यांना सरकताना दिसत होतं, इतकं. वरचं गवत सोनेरी, आमच्याजवळचं राखाडी, आणि मधली रेघ आमच्याकडे येत होती. ती पायांपर्यंत आली, मग मांडीवर, मग तोंडावर एकदम ऊब.

गुडघेदुखीवाली म्हणाली, "माझ्यामुळे तुमचा सूर्योदय हुकला गं." आम्ही चौघी एकदमच तिच्यावर ओरडलो.

दोन दिवस झाले, डोक्यातून जात नाही. म्हणून हा धागा. पुण्याच्या आसपास मित्रमैत्रिणींबरोबर अंधारात डोंगर चढला असाल तर लिहा. गडच हवा असं नाही. गवताचा डोंगर असला की पुरे.

• • •

धनकवडीहून

ताई, आमचा कात्रज ते सिंहगड. मार्गशीर्षातली पौर्णिमा, आम्ही आठजण. रात्री दहाला जुन्या बोगद्यावरच्या वाघजाईला नमस्कार करून निघालो. टेकड्या कुणी तेरा सांगतं, कुणी चौदा. आम्ही अकरापर्यंत मोजल्या, पुढे मोजायचं त्राण राहिलं नाही.

ज्यांनी हा रस्ता केला नाही त्यांना सांगतो, चढ कठीण नाहीत, उतार कठीण आहेत. खाली सुटा मुरूम आणि वर वाळलेलं गवत. बूट त्यावरून असे सटकतात की शेवटी बसून घसरत उतरावं लागतं. दिवाळीनंतर गवत कमरेपर्यंत असतं, त्यात पायवाट बुडून जाते. सातव्या की आठव्या टेकडीवरून आम्ही चुकून डावीकडच्या सोंडेवर उतरलो. पाऊण तास खाली गेल्यावर कळलं. आमच्यातला एक एकटाच माघारी वर गेला, खरी वाट शोधली आणि शिट्ट्या मारत उभा राहिला. आम्ही त्या शिट्टीच्या दिशेनं चढलो. तो आज परदेशात आहे. अजूनही फोनवर बोलणं संपलं की एक शिट्टी मारतो.

आता सूर्योदयाचं. या वाटेवर तुमचं तोंड पश्चिमेला असतं, म्हणजे सूर्य पाठीशी उगवतो. आम्ही चालतच होतो. समोर चंद्र मावळतीला टेकलेला, मोठा, पिवळट. आणि अचानक माझ्या पुढे माझी सावली पडली. सगळ्यांच्या पडल्या. आठ लांबच लांब सावल्या गवतावरून पुढच्या उतारापर्यंत गेलेल्या. वळून पाहिलं तर सूर्य वर आलेला. पौर्णिमेला हा उगवतो तेव्हा तो मावळतो, हे शाळेत शिकलो होतो. पण दोघांच्या मधोमध उभं राहायची गोष्टच वेगळी.

घाटरस्त्याला लागल्यावर एका मावशींकडे प्रत्येकी तीन-तीन ग्लास ताक प्यायलो. मग मोज्यांतली कुसळं काढत बसलो, ती घरी जाईपर्यंत संपली नाहीत.

• • •

औंधहून

कुसळांचा विषय निघालाच आहे तर. मी वनस्पतिशास्त्र शिकवते. आपल्याकडच्या डोंगरउतारांवर कुसळी गवत भरपूर असतं, धनकवडीकरांच्या मोज्यांत शिरलेलं बहुधा तेच. त्याच्या बीला एक लांब शेपटी असते. ती कोरडी असताना पिळलेली असते आणि ओल लागली की पीळ सुटतो. रात्रीचं दव आणि दिवसाचं ऊन यांनी ती फिरत राहते आणि बी गिरमिटासारखं जमिनीत घुसतं. तुमच्या मोज्यात घुसलं तेही असंच.

गेल्या वर्षी आम्ही मैत्रिणी बोपदेव घाटाच्या माथ्यावर सूर्योदयाला गेलो होतो. गवत दवानं ओलं होतं. तीन-चार कोरडी कुसळं मी आधीच डबीत नेली होती. मैत्रिणीच्या ओल्या तळहातावर एक ठेवलं आणि ते तिच्या हातावर घड्याळाच्या काट्यासारखं गरगर फिरायला लागलं. बँकेत मोठ्या हुद्द्यावर आहे ती, पण लहान मुलीसारखी किंचाळली. उन्हं आली तेव्हा आमच्यापैकी कुणीच पूर्वेकडे बघत नव्हतं. चौघीजणी तिच्या तळहातावर वाकलो होतो.

• • •

सदाशिव पेठेतून

मी निवृत्त भूगोल शिक्षक. वय ७४. आता डोंगर होत नाहीत, पण चाळीस वर्षं मित्रांबरोबर आणि मुलांना घेऊन भरपूर केले. वेळेबद्दल थोडं लिहितो, कारण बरेच लोक तिथेच चुकतात.

२१ किंवा २२ डिसेंबर हा वर्षातला सर्वांत लहान दिवस, म्हणून सूर्य त्याच दिवशी सर्वांत उशिरा उगवत असणार असं वाटतं. तसं नाही. त्यानंतरही तो उशीर करतच राहतो. पुण्यात सर्वांत उशिराचा सूर्योदय संक्रांतीच्या आसपास, सात वाजून आठ-नऊ मिनिटांनी. उलट मेअखेरीस सहाच्या आतच उगवतो. शिवाय आपलं घड्याळ साडेब्याऐंशी रेखांशाचं आणि पुणे त्र्याहत्तरच्या पुढे, त्यामुळे सूर्याच्या हिशेबानं आपण घड्याळापेक्षा साधारण ३५ मिनिटं मागे असतो. आणि सूर्योदयाच्या वीस-बावीस मिनिटं आधी पायाखालची वाट नीट दिसू लागते. तेव्हा बॅटरी बंद करा. डोळ्यांना त्या उजेडाची सवय होऊ द्या.

दुसरं म्हणजे थंडी. पायथ्याच्या गावात काकडायला होतं म्हणून लोक अंगावर सगळं चढवतात आणि अर्ध्या चढावर उबारा लागतो. तो केवळ चालल्यामुळे नव्हे. निरभ्र, शांत रात्री थंड हवा जड होऊन उतारावरून खाली घरंगळते आणि दरीत साठते. उतारावर खरोखरच दरीपेक्षा ऊब असते. गावांचा धूर आणि धुकं दरीत सपाट थरासारखं पसरलेलं दिसतं, तेही त्यामुळेच.

सिंहगडावरून डिसेंबर-जानेवारीत सूर्य पुरंदरच्या अंगानं वर येतो. माझा एक मित्र दरवर्षी म्हणायचा, "चला, पुरंदरावर दिवा लावलाय." आम्ही सात-आठजण होतो. त्या वाक्यासाठीच जायचो, असं आता वाटतं.

• • •

पौड रस्त्यावरून

माझं छोटंसं आहे. गड नाही, वेताळ टेकडी. तीन शेजारी मिळून आठवड्यातून दोनदा जातो. वेताळबाबाच्या देवळापाशी पोचेपर्यंत खाली सगळं पुणं दिव्यांचं असतं. मोर ओरडायला लागतात, तित्तर सुरू होतात, आणि मग रस्त्यावरचे दिवे पट्ट्यापट्ट्यानं विझतात. आधी एक भाग, मग शेजारचा. सूर्य यायच्या थोडंसं आधी. आम्ही तिघं पैज न लावता फक्त ओळखतो, आता कोथरूड, आता कर्वेनगर. बरोबर आलं की घरी परतताना चहा दुसऱ्यांनी पाजायचा.

• • •

हडपसरहून

माझी आई ६८ वर्षांची. भिशीच्या सहा मैत्रिणी, सगळ्या तिच्याच वयाच्या. त्यांनी ठरवलं की सूर्योदय बघायचा आणि मी गाडी चालवायची. मी मल्हारगड निवडला. सोनोरीच्या बाजूनं चढ अगदी थोडा. पेशवाईत तोफखान्याचे प्रमुख असलेल्या पानसे सरदारांनी तो १७६०च्या सुमारास बांधला. महाराष्ट्रात सर्वांत शेवटी बांधलेला गड तो हाच, असं सांगतात. आकारानं लहान, सगळीकडे गवत, वर खंडोबा आणि महादेव अशी दोन देवळं.

सगळ्या नऊवारीत. बॅटरी एकीकडेच, बाकीच्या एकमेकींच्या पदराला धरून. मला भीती वाटत होती, त्यांना अजिबात नव्हती. लहानपणी पहाटे अंधारात पाण्याला आणि सरपणाला जाणाऱ्या बायका त्या. चढावर एकीनं जात्यावरची ओवी सुरू केली. तिला दम लागला की पुढची ओळ दुसरी उचलायची. माझ्या आईला इतक्या ओव्या येतात हे मला माहीत नव्हतं. पंचेचाळीस वर्षं मी तिची मुलगी आहे.

वर पोचलो, खंडोबाला भंडारा वाहिला, तटावर बसलो. सूर्याची कड दिसली तशा सहाजणी उभ्या राहिल्या, जेजुरी कुठल्या अंगाला हे त्यांचं आधीच बोलून झालं होतं, तिकडे हात जोडले आणि मोठ्यानं म्हणाल्या, "यळकोट यळकोट जय मल्हार." खालच्या रानातून कुणीतरी, बहुतेक राखणीला आलेलं, तसंच ओरडून उत्तर दिलं.

आता आईच्या ओव्या मी वहीत उतरवून घेते आहे. ३१ झाल्या.

• • •

चिंचवडहून

आम्हाला सूर्य दिसलाच नाही, तरी लिहितो. सप्टेंबरअखेर, रायरेश्वर. तेच पठार, १६४५ची शपथ जिथली सांगतात. भोरच्या पुढे जाऊन अंधारात लोखंडी शिडी चढलो. वर पठारभर ओलं गवत आणि पिवळी सोनकी, आणि इतकं दाट धुकं की चारजण एकमेकांचा हात धरून चालत होतो. सहा वाजले, साडेसहा वाजले. नुसता पांढरा उजेड. शेवटी पश्चिमेच्या कडेला जाऊन डबे उघडले.

तेवढ्यात पाठीमागून धुकं फाटलं असावं. समोर दरीतल्या पांढऱ्या ढगावर आमच्या सावल्या उभ्या राहिल्या, आणि माझ्या सावलीच्या डोक्याभोवती इंद्रधनुष्याचं गोल कडं. इंद्रवज्र. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावरून दिसतं असं ऐकलं होतं, इथे दिसेल हे ध्यानीमनी नव्हतं.

मी ओरडलो, "माझ्या डोक्याभोवती बघा!" बाजूचा म्हणाला, "तुझ्या नाही, माझ्या." तिसराही तेच म्हणाला. एक मिनिट आम्ही खरंच भांडलो. घरी येऊन वाचल्यावर कळलं की चौघंही बरोबर होतो. ते कडं ज्याच्या त्याच्या डोळ्यांतूनच दिसतं, प्रत्येकाला आपल्याच डोक्याभोवती. मित्राच्या डोक्याभोवतीचं आपल्याला दिसत नाही. मला हे फार लागून राहिलंय. तेव्हा काढलेला फोटो अजून भिंतीवर आहे, आणि त्यात कडं फोटो काढणाऱ्याचंच आलंय.

• • •

वेल्ह्याच्या बाजूचा, सध्या नऱ्हे

सगळ्यांचं वाचलं. बरं वाटलं. तुम्ही ज्या गवताचं लिहिताय ते आमच्या घरामागचं आहे, म्हणून माझंही सांगतो.

दिवाळीनंतर आम्ही ते कापतो. जनावरांना उन्हाळ्यापर्यंत तेच पुरवायचं. न कापलेलं डोंगरावर वाळतं. दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत पहाटे पुण्याकडची काही पोरं सूर्योदयाला वर गेली. थंडी वाजली म्हणून सोंडेवर शेकोटी केली आणि उजाडल्यावर तशीच सोडून पुढे गेली. वारा सुटला. आम्ही गोठ्यात होतो, म्हातारी म्हणाली, "आज दोन सूर्य कसे?" बघतो तर आख्खी सोंड पेटलेली.

गावातले पंधरावीसजण गेलो. वणव्याला पाणी कामाचं नाही, वर नेणार कुठून. ओल्या डहाळ्यांनी झोडपायचं, कडेकडेनं, वाऱ्याच्या मागून. दुपारी दोनला विझला. तीन वर्षांपूर्वी लावलेली रोपं गेली. चंडोल आपलं घरटं जमिनीवर गवतातच करतो, त्याला कुठे पळायला जागा? आणि राख झालेल्या उतारावरची माती पहिल्याच पावसात ओढ्यात आली. खरं बोलायचं तर जाळलं की पुढच्या साली गवत चांगलं येतं असं मानणारे आमच्यातही आहेत. त्यांच्याशीही आमचं भांडण चालूच असतं.

तुम्ही या. जरूर या. तुमच्यामुळे आमच्या घरी चुलीवर चार भाकऱ्या जास्त पडतात. फक्त काडी पेटवू नका, विडी-सिगारेट तर नाहीच. थंडी वाजली तर आमच्या ओसरीवर चूल आहे.

आम्ही जानेवारीत जाळरेषा काढतो. म्हणजे डोंगराला आडवा एक पट्टा गवत कापून मोकळा करायचा, आग तिथे येऊन थांबते. हल्ली माणसं कमी पडतात. तरणी पोरं सगळी माझ्यासारखी शहरात.

• • •

कोथरूडहून, धागा काढणारी

दादा, तुमचं लिहिणं मी काल रात्री चौघींना वाचून दाखवलं. जाळरेषेला आम्ही पाचजणी आलो तर चालेल का? गवत कापायची कुणालाच सवय नाही, पण शिकू. गुडघेदुखीवाली कापलेलं गोळा करेल म्हणते. विळे आमच्याकडे नाहीत.

• • •

धनकवडीहून

आम्ही तिघं येतो. कोयता आहे.

• • •

वेल्ह्याच्या बाजूचा, सध्या नऱ्हे

या ताई. विळे गावात आहेत. संक्रांतीच्या नंतरचा रविवार. काकांनी लिहिलंय तसं सूर्य सात वाजून आठ-नऊ मिनिटांनी उगवेल, त्याच्या आत वर पोचायचं, ऊन चढलं की काम होत नाही. पाच वाजता मारुतीच्या पारापाशी. पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, आणि मोजे जुने आणा.