नाजूक, नखरेल चेहऱ्याचं रुटीन : तुम्ही काय लावता, काय बंद केलंत? अनुभव लिहा

टिळकनगरवाली

चेहऱ्याला काहीही लावलं की चरचरतं, गाल लाल होतात नाहीतर दोन दिवसांत पुटकुळ्या हजर, अशी कातडी ज्यांना मिळालीये त्यांच्यासाठी हा धागा. इंदूरची हवा तर माहितीच आहे, मे महिन्यात झळा, पाऊस सुरू झाला की चिकचिक आणि डिसेंबरात ओठ-गाल सगळं ओढल्यासारखं. जाहिरातीतली दहा बाटल्यांची रुटीनं आपल्यासारख्यांना झेपत नाहीत, म्हणून खरोखर काय चाललं ते लिहा. ब्रँड लिहिला तरी चालेल पण आत काय आहे ते लिहिलंत तर जास्त उपयोग.

माझं सांगते. मला रोझेशिया आहे (गाल लाल-गरम होऊन पुटकुळ्या येणारा त्वचेचा आजार), पण सगळे वर्षानुवर्षं त्याला मुरूमच म्हणत राहिले, कारण आपल्या सावळ्या रंगावर लाली पटकन दिसत नाही, नुसतं गरम लागतं आणि टोचल्यासारखं होतं. भट्टीजवळ उभं राहिलं, कडक ऊन, उकळता चहा, पोह्यांवर जिरावन (आपला इंदुरी मसाला) जरा जास्त पडलं की गाल पेटलेच. डॉक्टरांनी मेट्रोनिडाझोलचं जेल दिलं आणि बाकी सगळं काढून टाकायला लावलं. आता सकाळी नुसतं पाणी, साधं सेरामाईडवालं (कातडीत मुळातच असणारा स्निग्ध पदार्थ) मॉइश्चरायझर, झिंक ऑक्साईडचं सनस्क्रीन. रात्री बिनवासाचा क्लेन्झर, जेल, परत तेच मॉइश्चरायझर. बस. पोहे सोडले नाहीत, जिरावन वेगळं वाटीत घेते.

सुदामानगरची सून

ताई, बरं झालं धागा काढलास. माझं थोडं लांबेल.

लग्नाआधी पार्लरवाल्या बाईंनी एक ट्यूब दिली होती, म्हणाल्या रोज रात्री लाव, नवरीसारखा ग्लो येईल, आणि आला पण!! आठवड्यात चेहरा असा गुळगुळीत नि उजळ झाला की सासरच्या पहिल्या हळदीकुंकवाला सगळ्या विचारत होत्या काय लावतेस म्हणून. संपली की मेडिकलवरून दुसरी आणायची, कोणी चिठ्ठी विचारली नाही. मग दिवाळीला माहेरी गेले आणि ट्यूब इकडेच राहिली तर दोन-तीन दिवसांत चेहरा लालबुंद, आग आग, पंख्याचा वारा सुद्धा सहन होईना, परत लावली की शांत. आईने ट्यूबवरचं बारीक अक्षर चष्मा लावून वाचलं आणि भाऊ फार्मासिस्ट आहे त्याला फोटो पाठवला तर तो ओरडलाच, यात मोमेटासोन आहे, स्टिरॉइड, सोबत हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनोइन. हे तिन्ही मिळून वांगावर थोड्या काळासाठी डॉक्टरच्या देखरेखीखाली वापरायचं औषध आहे, रोज लावायची फेअरनेस क्रीम नाही.

त्वचेच्या डॉक्टरांकडे गेले तर त्यांनी काचेतून गाल दाखवले, बारीक लाल शिरा दिसत होत्या, हनुवटीवर लव वाढली होती आणि कातडी पातळ झाली होती. म्हणाल्या असे पेशंट रोज येतात. एकदम बंद न करता हलकं करत आणलं, मधे टॅक्रोलिमसचं, म्हणजे स्टिरॉइड नसलेलं मलम दिलं (ते पण पहिले काही दिवस झोंबतं, घाबरू नका), बाकी फक्त पेट्रोलियम जेली आणि सनस्क्रीन. निवळायला कित्येक महिने गेले आणि अधेमधे परत उसळायचं, तेव्हा त्या ट्यूबची इतकी आठवण यायची की विचारू नका.

२०१८ साली बऱ्याच स्टिरॉइड मलमांची चिठ्ठीशिवाय विक्री बंद केली सरकारने, पण मिळतात तर मिळतातच. ट्यूबवर बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यातलं काही दिसलं तर आपल्या मनाने चेहऱ्याला लावू नका. खाजेच्या, गजकर्णाच्या 'थ्री इन वन' मलमांत पण हेच असतं, घरोघरी फ्रिजच्या दारात पडलेली असतात ती.

रामबाग

वरचं वाचून आत्ताच फ्रिजचं दार उघडून बघितलं. दोन निघाल्या. 🙏

मालवाची मावशी

माझं वय साठीच्या पुढे, तुमची सिरम बिरम मला कळत नाहीत पण एक सांगते. कपाळावर टिकलीच्या जागी खाज सुटायची, मला वाटायचं घाम असेल. टिकली बदलली, मोठी लावली, लहान लावली. नंतर तिथे गोल पांढरट डाग पडायला लागला तेव्हा मुलगी ओढतच घेऊन गेली. डॉक्टर म्हणाले टिकलीच्या मागचा गोंद आहे ना त्यातलं रसायन काहींना सोसत नाही, आधी खाज, मग कातडीचा रंगच उडवतं. पाठीवर पट्ट्या चिकटवून टेस्ट केली, दोन दिवसांनी काढल्या, मग परत दाखवायला बोलावलं, तोवर पाठीला पाणी लावायचं नाही.

टिकली बंद म्हटल्यावर मी कुंकवावर आले, तर डॉक्टर म्हणे बाजारच्या कुंकवात पण रंग आणि वास असतो, जरा थांबा. आता सणावारी आमच्या आजीसारखं आधी मेण लावते आणि त्यावर किंचित कुंकू, घरी आल्यावर तेलाच्या बोटाने पुसून टाकते. डाग वाढायचा थांबलाय, पुरता भरला नाही. शेजारच्या बाईंना वाटतं मी आधुनिक झाले.

टिळकनगरवाली

मावशी, हे फार कामाचं लिहिलंत. आपण क्रीमच्या मागे लागतो आणि टिकली, हेअर डाय, बेंटेक्सचे कानातले हे विसरूनच जातो. डायने तर कपाळ, कान, पापण्या सुजतात, माझ्या आत्याला झालं होतं.

होस्टेल नं दोन

मी भंवरकुआँला राहते, कोचिंगवाली जनता. कपाळावर आणि केसांच्या कडेने एकसारखे बारीक दाणे, सगळे एकाच साईजचे आणि खाज खूप. सॅलिसिलिक अॅसिड लावून बघितलं, बेंझॉइल पेरॉक्साईड लावून बघितलं, उलट कातडी सोलवटून निघाली. नंतर स्किनवाल्या मॅडम म्हणाल्या हे मुरूम नाहीतच, यीस्टचं आहे, मालासेझिया, आपल्या सगळ्यांच्या कातडीवर असतं पण तेल आणि घाम मिळाला की माजतं. आणि आमच्या आईसाहेब दर रविवारी व्हिडिओ कॉलवर विचारणार, केसांना तेल लावलंस का? मी रात्रभर डोक्याला तेल लावून त्याच उशीवर झोपायची.

कीटोकोनाझोलचा शाम्पू सांगितला, कपाळावर फेस काही मिनिटं ठेवून धुवायचा, रोज नाही. तेल आता नहायच्या तासभर आधी. आईला अजून पटलेलं नाही, तिच्या मते हे सगळं मेसच्या खाण्यामुळे.

छावणीचा भिया

पुरुषांनी लिहिलं तर चालेल ना? आपला प्रॉब्लेम मानेवर, दाढी केली की लाल फोड, त्यातच केस आत वळून बसतात. सलूनवाला भिया उलटा हात मारून एकदम चिकणी करायचा, वर तुरटी घासायचा, वर सुगंधी आफ्टरशेव्ह, डोळ्यातून पाणी यायचं. आता ट्रिमरने एक-दीड मिलिमीटर ठेवतो. फोड गेले. बायको म्हणते अर्धवट दाढी दिसते. असो.

नर्मदा लाईन

आमचा जरा वेगळा अँगल. आधी शहरात होतो, नर्मदेचं पाणी. बायपासकडच्या टाउनशिपमधे आलो तर बोरिंगचं पाणी, बादलीला पांढरा थर, नळाच्या तोंडाशी खडे, आणि आमच्या दोघांचे चेहरे कोरडे खरखरीत. कातडीचा पीएच पाचच्या आसपास असतो, साबणाचा नऊ-दहा, आणि जड पाण्यात साबण नीट निघतच नाही, त्याचा चिकट थर अंगावर राहतो. त्यामुळे आम्ही पाणी नाही बदललं, साबण बदलला. बिनसाबणाचा सिंडेट बार मिळतो तो, आणि चेहरा ओला असतानाच मॉइश्चरायझर, पुसून कोरडा करत बसायचं नाही. गीझरचं कढत पाणी तोंडाला बंद. नळाला लावायचे फिल्टर घेऊन बघितले पण खरं सांगायचं तर फरक कळला नाही.

उटणंप्रेमी

तुम्ही सगळे केमिकलच्या नावाने रडताय आणि उपाय पण केमिकलचेच. आमच्या घरात डाळीचं पीठ, साय, आंबेहळद आणि दिवाळीला उटणं, माझ्या आजीचा चेहरा ऐंशीव्या वर्षी आरशासारखा होता. पार्लरचं तोंड बघितलं नाही तिने.

टिळकनगरवाली

आजींना नमस्कार, आणि खोटं म्हणत नाही मी, ज्यांना सोसतं त्यांनी खुशाल लावावं. पण इथे जमलेली मंडळी न सोसणारी आहेत. उटण्यात नागरमोथा, कपूरकाचरी, संत्र्याची साल, गुलाब असं सगळं असतं आणि वासाचे पदार्थ झाडाचे असोत की बाटलीतले, अॅलर्जी दोन्हींची येते. वर ते रगडायचं. माझ्या गालांवर ते चालतच नाही, हातापायाला लावते, दिवाळी दिवाळीसारखी होते. लिंबाचं मात्र भांडून सांगेन, लिंबू चोळून उन्हात गेलं की भाजल्यासारखे फोड येतात आणि नंतर काळे डाग महिनोन् महिने राहतात.

स्कूटीवाली

माझं वांग, बाळंतपणानंतरचं, दोन्ही गालांवर नकाशा. आम्ही इंदूरच्या पोरी तर डोळे सोडून सगळं स्कार्फमधे गुंडाळून गाडी चालवतो त्यामुळे मला वाटायचं ऊन लागतंच कुठे. पण वांगाला नुसते यूव्ही किरण नाही, दिसणारा उजेड पण लागतो, आणि पातळ ओढणीतून तो येतोच. म्हणून टिंट असलेलं सनस्क्रीन, त्यात आयर्न ऑक्साईड असतं ते हा उजेड अडवतं. किती लावायचं तर तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींवर पूर्ण रेघ ओढून तेवढं तोंड-मानेला. मी आधी वाटाण्याएवढं लावायची, एसपीएफ पन्नास लिहिलंय म्हणजे झालं! बाळ अंगावर पीत होतं म्हणून डॉक्टरांनी अॅझेलाईक अॅसिड दिलं, सुरुवातीला मुंग्या चावल्यासारखं होतं पण टिकलं. डाग फिके झालेत, मे महिन्यात परत डोकं वर काढतात.

आणि स्कार्फ रोज धुवा गं. पेट्रोलपंप, धूळ, काल-परवाचा घाम, सगळं तोंडालाच.

हनुवटीवर दुकान

पीसीओडीवाले मुरूम, हनुवटी आणि जबडा, पाळीच्या आधी ठरलेले. अॅडापेलिनचं जेल चालू आहे, मुरमांवरचं औषध. ज्यांची कातडी नाजूक त्यांना हे पहिल्यांदा लावलं की साल निघते आणि सगळे तिथेच सोडून देतात, त्यांच्यासाठी लिहिते. चेहरा पूर्ण कोरडा होऊ दे, आधी मॉइश्चरायझर, मग वाटाण्याएवढं जेल सगळ्या तोंडाला (नुसतं मुरमावर नाही), वर परत मॉइश्चरायझर. नाकाच्या आणि ओठांच्या कोपऱ्यांना आधी पेट्रोलियम जेली. सुरुवात आठवड्यात दोन रात्री. आठ ते बारा आठवडे द्यायचे, त्याआधी वाईटही दिसू शकतं. या काळात व्हिटॅमिन सी, अॅसिड टोनर, स्क्रब काही नको, आणि थ्रेडिंग-वॅक्सिंग त्या भागावर नकोच, माझ्या वरच्या ओठाची साल धाग्याबरोबर निघून आली होती. प्रेग्नंसीचा विचार असेल तर डॉक्टरला आधी सांगा, हे लावत नाहीत तेव्हा.

सोबत बेंझॉइल पेरॉक्साईड दिलं असेल तर अडीच टक्केवालं मागा, आग कमी होते. आणि याने कापडाचा रंग उडतो, म्हणून पांढरे टॉवेल, पांढरी उशी! सासूबाईंच्या निळ्या अभ्र्यावर माझ्या गालाचा फिका ठसा कायमचा उमटलाय.

होस्टेल नं दोन

हाहाहा. बरं, नवीन वस्तू आणली की टेस्ट कशी करता तुम्ही सगळे?

टिळकनगरवाली

जबड्याच्या कडेला किंवा कानामागे थोडंसं, आठवडाभर रोज त्याच जागी, एका रात्रीत कळत नाही. आणि एका वेळी एकच नवीन वस्तू, दुसरी दोन-तीन आठवड्यांनी, नाहीतर उठलं तर कशाने उठलं कळणार कसं? सेलमधे पाच बाटल्या एकदम घेतल्या की इथेच सगळा गोंधळ होतो.

छावणीचा भिया

रंगपंचमीचं सांगा ना कोणीतरी, गेर (रंगाची मिरवणूक) तर चुकवणार नाही. राजवाड्यावर टँकरने रंग आणि मशीनने गुलाल उडवतात, वाचायला जागाच नसते.

हनुवटीवर दुकान

अॅडापेलिन वगैरे असेल तर आधीचा आठवडा बंद. निघताना जाड मॉइश्चरायझर, वर सनस्क्रीन, कान, केसांची कड, ओठ यांना पेट्रोलियम जेली, दाढी त्या सकाळी करू नका. लेन्स घालून जाऊ नका. आल्यावर आधी कोरडा गुलाल झटका, मग तेलाने पुसा, मग क्लेन्झर, एकदाच. राहिलेला रंग राहू दे, कातडी दोन-चार दिवसांत स्वतःच उतरवते. रॉकेल, डिटर्जंट, घासणी काही नको.

छावणीचा भिया

म्हणजे दुसऱ्या दिवशी ऑफिसला गुलाबी कानाने जायचं?

मालवाची मावशी

जा की. साहेबाचे पण तसेच असतील.