दुपारी दुकान बंद, म्हणून गोवा मागास?

शिरसईची सून
काल एक पोस्ट सगळीकडे फिरत होती, मला तर तीन ग्रुपांवर आली. एक गृहस्थ पुण्याहून येऊन आसगावात भाड्याने राहतात, घरून काम करतात. त्यांना दुपारी अडीचला फोनची केबल हवी होती आणि म्हापशात दुकानं बंद. तेवढ्यावरून निकाल दिला : गोंयकार सुशेगाद (म्हणजे निवांत, आळशी), इथे स्टार्टअप रुजणार नाही, दहा मिनिटांत सामान आणून देणारं अ‍ॅप गावात येत नाही कारण लोकांचा ‘माइंडसेट’. खाली टाळ्या वाजवणाऱ्यांत आपलेच पुष्कळ.

दुकान दुपारी बंद असतं कारण तो माणूस सकाळी आठला शटर उघडतो आणि रात्री साडेआठला ओढतो. मधे जेवतो. निजतो सुद्धा. तुमच्या ऑफिसात बीनबॅग ठेवतात तेव्हा त्याला ‘कल्चर’ म्हणतात ना?

आणि घरपोच आम्हाला शिकवू नका. आमच्याकडे पोदेर, म्हणजे पाववाला, पहाटे सहाला येतो, संध्याकाळी परत. पावसात टोपलीवर निळं प्लास्टिक. गेल्या वर्षी त्याने सायकलच्या हँडलला क्यूआरचा पुठ्ठा बांधला. लॅमिनेशनमध्ये पाणी शिरून एक कोपरा निळा झालाय, तरी स्कॅन होतो. ज्याला जे तंत्रज्ञान लागलं ते त्याने घेतलं. माइंडसेट आडवा आला नाही.

आता स्वानुभव. माझ्या दिरांची खाणावळ आहे. दोन वर्षांपूर्वी एका अ‍ॅपवर चढवली. कमिशन २५ टक्के, वर ‘ऑफर’ त्यांची आणि भुर्दंड आमच्यावर. कहर म्हणजे एका गिऱ्हाइकाने तक्रार केली की बांगड्यात काटे होते. बांगड्यात! पैसे आमच्या खात्यातून परत गेले. फोन लावायला नंबर नाही, चॅटवर यंत्र म्हणतं, ‘तुमची गैरसोय आम्ही समजू शकतो’. दिरांनी त्याला लिहिलं, ‘काटे नसलेला बांगडा तू दाखव.’ उत्तर आलं, ‘संभाषण संपले आहे.’

डिचोलकर, सध्या बेंगळूरु
वहिनी, बांगड्याचं पटलं. पण पोदेराचं कवित्व आवरा. तुमचा पोदेर कुठला ते विचारलंत कधी? आमच्याकडचा बेळगाव बाजूचा. गोंयकाराचं पोर मध्यरात्री उठून भट्टीसमोर उभं राहत नाही, आणि राहावं असं मी म्हणणारही नाही. पण मग त्याने करायचं काय?

आमच्या घरी खाणीवर चालणारा टिपर होता. २०१२ ला खाणी थांबल्या, मधे थोड्या चालू झाल्या, २०१८ च्या मार्चात कोर्टाच्या निकालाने परत बंद. टिपर अंगणात उभा. चाकांतून गवत वर आलं, बाबा रोज सकाळी त्याच्याकडे पाठ करून चहा प्यायचे. मी इंजिनीयर होऊन बेंगळूरुला आलो ते हौसेने नव्हे. इथल्या स्टार्टअपने पगार दिला आणि एक दिवस नऊ मिनिटांच्या व्हिडिओ कॉलवर चाळीस जणांना काढलं. त्यात मी होतो. तरी दोन महिन्यांत दुसरी नोकरी लागली. गोव्यात लागली असती? तिकडे नोकरी म्हणजे सरकारी, जाहिरात आली की आईचा फोन.

शिरसईची सून
विचारलं आत्ताच. खानापूरचा आहे. बरं, एवढा मुद्दा तुमचा.
पण नऊ मिनिटांत चाळीस जणांना काढतात ती संस्कृती इथे आणा म्हणताय?

डिचोलकर, सध्या बेंगळूरु
संस्कृती राहू दे तिकडेच. पगार आणा म्हणतोय.

पर्वरीचा पिंपळ
पगार आणायला धोरण आहे की! २०१७ चं स्टार्टअप धोरण काढून वाचा. २०२५ पर्यंत गोवा आशियातल्या पहिल्या २५ स्टार्टअप ठिकाणांत दिसणार होता. तेवढ्यात आमच्याकडे वीज गेली, पुढचं वाचायचं राहिलं.

नागेशीकर
टिंगल सोपी आहे. ट्रूनॅट हे तपासणी यंत्र आपल्या वेर्ण्यात बनतं हे किती जणांना माहीत आहे? क्षयरोगाची तपासणी तासाभरात, बॅटरीवर चालणारं यंत्र, एसी नसलेल्या आरोग्य केंद्रातही चालतं. २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने शिफारस केली. गोव्यात घडू शकणारं तंत्रज्ञान हे. पण त्याच्यावर रील होत नाही, किराणा पोचवला की होतं.

पर्वरीचा पिंपळ
कारखाना वेर्ण्यात, संशोधन मात्र बेंगळूरुच्या बिगटेक कंपनीतलं. डोकं तिकडे, हात इकडे. डिचोलकरांचाच मुद्दा झाला.

नागेशीकर
तुम्हाला सोन्याची द्वारका दिली तरी सुवर्णकार कुठला ते विचाराल.

आसगावचा भाडेकरू
नमस्कार. ती पोस्ट माझीच. भाषा जरा तिखट झाली, मान्य. पण केबल हे निमित्त होतं. मोप्याच्या विमानतळावर रात्री उतरलो की घरी यायला जे पैसे मोजतो, त्यात पुण्यात आठवडाभर फिरता येतं. त्याबद्दल कुणी बोलत नाही.

पर्वरीचा पिंपळ
झालं! टॅक्सी आली. आता धागा दिवाळीपर्यंत चालणार.

पिवळी पाटी
मी टॅक्सीवाला. बारा वर्षं गाडी चालवतो, ती कर्जावर घेतलेली. अ‍ॅपवाल्याची एक गाडी नाही. २०१८ ला गोवामाइल्स हे टॅक्सीचं अ‍ॅप आलं तेव्हापासून ऐकतोय की आम्ही गुंड. पुण्याचे भाडेकरू बाब, तुमच्या पुण्यात अ‍ॅपवरचे ड्रायव्हर पुन्हापुन्हा संपावर का जातात, तेवढं सांगा. सुरुवातीला बोनस, मग कमिशन, मग दर पाडतात. घरपोच सामान देणाऱ्या डंझोचं बघा. २०२२ ला रिलायन्सने २० कोटी डॉलर घातले, २०२५ च्या जानेवारीत अ‍ॅप बंद. पैसेवाल्याचे पैसे गेले, त्याला चालतं. त्यांच्यासाठी दुचाकी घेतलेल्या पोराचा हप्ता कोण भरतो?
आणि जून ते सप्टेंबर आम्ही काय खातो हे एकानेही विचारलं नाही.

वाळपईची
पिवळी पाटी, तुमच्या हप्त्याबद्दल वाईट वाटतं, खरंच. आता माझं ऐका. माझी ड्युटी रात्री पावणेअकराला सुटते, बांबोळीला. त्या वेळी कदंबाची बस नाही. गेल्या पावसाळ्यात भाऊ आजारी होता म्हणून वाळपईला जायला टॅक्सी विचारली. पहिल्याने १८०० सांगितले. दुसऱ्याने १८०० च सांगितले, कारण पहिला त्याच्याशेजारीच उभा होता. मी पर्यटक नाही. मी ह्याच मातीतली, मराठीत बोलत होते. शेवटी सहकारिणीच्या खोलीवर बाकावर झोपले. तुमच्या आंदोलनात ‘गोंयकाराचं पोट’ असतं, त्यात आम्ही गोंयकार नाही का?

पिवळी पाटी
ताई, वाळपईहून रात्री गाडी रिकामी आणावी लागते. तेल दोन्ही वाटांचं लागतं.

वाळपईची
मग अ‍ॅप नेमकं त्याच्यासाठीच नको का? होंड्याहून, साखळीहून पणजीला यायला कुणी उभा असेल तर तुम्हाला कळणार कसं? स्टँडवर पत्ते खेळून?

पिवळी पाटी
पत्ते काढायची गरज नव्हती.

वाळपईची
बाकावर झोपायचीही नव्हती.

उंडो-भाजी
ही सगळी चर्चा कोंकणीत का नाही?

नागेशीकर
तो धागा वेगळा आहे. तिकडे मारामारी अजून चालू आहे, जा.

डिचोलकर, सध्या बेंगळूरु
इथे एक गोष्ट सांगू का? बेंगळूरुत नम्मा यात्री नावाचं अ‍ॅप आहे. रिक्षावाल्यांच्या युनियनला बरोबर घेऊन सुरू केलेलं. भाड्यावर कमिशन नाही, रिक्षावाल्याने दिवसाला २५ रुपये भरायचे, बाकी सगळं त्याचं. मी रोज वापरतो. रिक्षावाले तरीही दहा रुपये जास्त मागतात, तो भाग वेगळा. पण मालक ड्रायव्हरच राहतो. पिवळी पाटी, असं असलं तर?

पिवळी पाटी
असं असलं तर बघू. आमच्यातले अर्धे तयार होतील. पण उद्या २५ चे २५० करणार नाहीत हे लिहून कोण देणार? मीटर बसवले तेव्हाही गोड बोलून बसवले. माझा आता डिकीत आहे, स्पेअर टायरखाली.

आसगावचा भाडेकरू
मीटर डिकीत! आणि माइंडसेट म्हटलं की मला शिव्या.

शिरसईची सून
तुम्ही मधे पडू नका. हे आमचं आमचं भांडण आहे.
वाळपईच्या ताई, तुमचं वाचून मी थोडी गप्प झाले. पोदेर माझ्या दारात येतो म्हणून मला सगळं घरपोच आहे असं वाटतं. तुमच्या दारात तो रात्री पावणेअकराला येत नाही. टॅक्सीला अ‍ॅप हवं, ठीक. किराण्याला नको, यावर मी ठाम.

पर्वरीचा पिंपळ
नोंद घ्या, वहिनींनी एका धाग्यात दोनदा माघार घेतली. स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.

नागेशीकर
बाकी सगळं राहू दे. भाडेकरू, केबल मिळाली का शेवटी?

आसगावचा भाडेकरू
चारला दुकान उघडलं तेव्हा गेलो. दुकानदाराने फोन उलटा करून बघितला, म्हणाला केबल चांगली आहे, भोकात कचरा आहे. टाचणीने खिशातल्या कापसाचा गोळा बाहेर काढला. फोन चार्ज व्हायला लागला. हे अ‍ॅपने केलं नसतं, कबूल. पन्नास रुपये घेतले.

वाळपईची
पन्नास? बाजारातलं कोपऱ्यावरचंच दुकान ना? माझ्याकडून वीस घेतले होते.