सेन्सरवर नाडीपरीक्षा: आईला न्यावं का?

केतकी_सातारा
आई ६८ वर्षांची आहे. बीपीची गोळी चालू, झोप नाही, पोट कायम बिघडलेलं. पुण्यातले एक वैद्य मनगटावर तीन सेन्सर लावून नाडी बघतात आणि छापील रिपोर्ट देतात. कुणाला अनुभव?

वैद्य_मिरज
जरूर न्या, पण सकाळी उपाशीपोटी. जेवणानंतर किंवा अंघोळीनंतर लगेच घेतलेली नाडी फसवते, मशीनलाही तोच नियम. तर्जनीखाली वात, मध्यमेखाली पित्त, अनामिकेखाली कफ. सेन्सर त्याच जागांवर असतात. आयुर्वेदाचे जुने ग्रंथकार शार्ङ्गधर यांनी वाताची चाल जळू-सापासारखी, पित्ताची कावळा-बेडकासारखी, कफाची हंस-पारव्यासारखी सांगितली आहे. ती बोटाला कळायला मला दहा वर्षं लागली. आता विद्यार्थ्यांना नाडीची लाट पडद्यावर दाखवता येते, याचा फार आनंद वाटतो.
पण वैद्य स्वतः बोटं ठेवतात का, जीभ बघतात का, मलमूत्राचं विचारतात का, हे बघा. 'योगरत्नाकर' या आयुर्वेदाच्या ग्रंथातल्या आठ परीक्षांपैकी नाडी ही एक. नुसत्या रिपोर्टवर औषध लिहून देत असतील तर उठून या.

दाबमापक
मी इन्स्ट्रुमेंटेशनमधला. पुण्यातल्या 'नाडी तरंगिणी' या नाडी टिपणाऱ्या यंत्रावरचा शोधनिबंध २००७ चा, त्यातही दाबाचे तीनच सेन्सर. लाटेचा आकार खूप काही सांगतो: धमन्या कडक झाल्या की परत फिरणारी लाट लवकर येऊन हृदयाकडून निघालेल्या पहिल्या लाटेत मिसळते. पण 'वात इतके टक्के' हा आकडा सॉफ्टवेअरने लावलेला अर्थ असतो. म्हणून मूळ आलेख मागून घ्या. पट्टा जरा जास्त आवळला, सेन्सर थोडा सरकला तरी आलेख बदलतो. माझ्या वडिलांचे एकाच सकाळचे दोन रिपोर्ट वेगळे आले होते. पट्टा काढून, दहा मिनिटांनी त्याच हातावर पुन्हा लावायला सांगा. दोन्ही जुळले तरच पुढचं बोलणं.

केतकी_सातारा
घरच्या स्मार्टवॉचवर भागेल का?

दाबमापक
नाही. ते हिरव्या प्रकाशाने त्वचेखालचं रक्त कमीजास्त होताना टिपतं, तेही मनगटाच्या वरच्या बाजूने. ठोके मोजायला ठीक आहे. ठोके अनियमित दिसले तर आधी ईसीजी काढा.

वैद्य_मिरज
आणि बीपीची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका. कुणीही सांगितलं तरी. चालू औषधांची यादी वैद्यांना आधी दाखवा.

केतकी_सातारा
रविवारी नेते, यादी घेऊन. दोन्ही आलेख इथे टाकेन.