दहा महिन्यांत निकाल लावू नका

तुमची दहा महिन्यांची बॉर्डर टेरियर (उंदीर-घुशी पकडणाऱ्या छोट्या कुत्र्यांची जात) उंदरांकडे बघतही नाही, म्हणून ती देऊन टाकायचा विचार आहे, हे तुम्ही लिहिलेलं वाचून राहवलं नाही. थांबा हो! इंग्लंड-स्कॉटलंड सीमेवरच्या चेव्हियट डोंगरांतली ही जात (केनेल क्लब या ब्रिटनमधल्या श्वान-संस्थेची मान्यता 1920 ची) मुळातच उशिरा उमलते. कित्येक कुत्री दीड-दोन वर्षांची होईपर्यंत नुसती बघत राहतात. इथे नॉर्थम्बरलंडमध्ये आमची कुत्री तशीच होती. शेतावर पेंढ्याच्या गंजी हलवताना बाकीची कुत्री उंदरांवर झडप घालायची, ही माझ्या बुटांमागे. मी कधी पुढे ढकललं नाही. अठराव्या महिन्यात एका सकाळी स्वतःहून गंजीखाली घुसली! घाई नको, कारण कोवळ्या वयात मोठा उंदीर कडकडून चावला, तर बसलेली धास्ती सहज जात नाही. सध्या तिला एखाद्या जाणत्या, शांत कुत्रीबरोबर नुसतं हिंडू द्या.